हद्द कायम

एकतीस वर्षं मोजणी खात्यात काढली.
आधी साखळी, मग फळी, शेवटी ते यंत्र
जे आकाशातल्या उपग्रहांना विचारून
मखमलाबादच्या बांधाचा कोपरा सांगायचं.

कारभारी आणि रंगनाथ, चुलत भाऊ,
पावणेदोन गुंठ्यांसाठी अकरा वर्षं कोर्टात.
एकाच्या मांडवाची तार दुसऱ्याच्या द्राक्षांत शिरली
म्हणून कोयता निघाला होता एकदा.
मी गेलो. बाभळीच्या बुडाशी जुना दगड सापडला.
चुन्याची फक्की ओढली.
दुपारच्या भाकरीआधी भांडण संपलं.
संपणारच होतं.
दोघांना एकच गोष्ट हवी असली
की भांडण कितीही तापो,
आतून एकमत असतं त्यांचं:
जमीन चांगली आहे.

मला वाटायचं, सगळंच असं.
माणसं ओरडतात, कारण कुणी नीट मोजलेलं नसतं.

मग माघात आई गेली.

अस्थींचा कलश लाल फडक्यात,
परसातल्या जांभळीच्या फांदीला टांगलेला.
खाली प्लास्टिकच्या खुर्च्यांवर मी आणि कुंदा.
रामकुंड आमच्या दारापासून सातशे बारा पावलं.
लोक कुठून कुठून येतात,
रात्ररात्र गाडीत बसून, मांडीवर आईबाप घेऊन,
आणि सातशे बारा पावलांवरची कुंदा म्हणते, नाही.

कुंदा प्रयोगशाळेत पाणी तपासते.
पुलाखालचं, कुंडातलं, नाल्याच्या तोंडचं,
गंगा तिच्या टेबलावर बाटल्यांत रांगेनं उभी असते.
"निर्माल्य टाकणाऱ्यांना आई भर घाटावर झापायची, दादा.
तिला झाडाखाली ठेवू."
मी म्हणालो, तीच आई कार्तिकात
पहाटे कुडकुडत बुडी मारून यायची,
ओल्या पदराचे थेंब ओटीवर सांडत.
हेही खरं होतं. तेही.

नदीवर माझा विश्वास आहे की नाही, ठाऊक नाही.
पण शेवटच्या वाटेवर आपली अक्कल चालवू नये
इतकं वाटतं.
ती म्हणाली, तिथंच गहाण टाकायची
हे कुणी ठरवलं?

यात कुणाला काय मिळणार होतं?
घराचं निम्मं-निम्मं आधीच झालेलं.
पाटल्या तर तिनं आपणहून माझ्या सुनेला दिल्या.
त्या वाटणीत कुणाचा आवाज चढला नव्हता.
आणि आता, मूठभर राखेवरून,
कुंदाच्या हातातली बशी वाजत होती.

मग मी ते बोललो.
सवय, दुसरं काय.
"अर्धं-अर्धं करू.
अर्धं गंगेत, अर्धं झाडाखाली."
ती बघत राहिली.
"आईचा सातबारा काढतोस का रे?"

तिला अर्ध्या अस्थी नको होत्या.
पुऱ्याही नको होत्या.
मी पराभूत होऊन त्या तिच्या हाती दिल्या असत्या
तरी ती घेती ना.
तिला हवं होतं, मी एकदा
त्या पाण्याकडे तिच्या डोळ्यांनी बघावं.
आणि मला, तिनं माझ्या.
याची फक्की कुठून कुठं ओढायची?

कारभारी आणि रंगनाथ
त्या दुपारनंतर एकमेकांच्या दारात गेले नाहीत.
लग्नपत्रिकासुद्धा पोस्टानं.
नकाशावर माझी सही आहे.

कुंदा दर गुरुवारी येते.
चहा मी करतो, तिला आलं जास्त लागतं.
ती पिशवीतून बाटली काढते, म्हणते, बघ, आजची.
मी उजेडात धरतो.
कधी म्हणतो, गढूळ आहे.
कधी म्हणतो, आई यातच पोहायला शिकली.
मग दिवेलागणीपर्यंत आमचं चालतं.

जांभळीला दुसरा फुलोरा आला. कलश तिथंच.
फांदी थोडी खाली आलीय, असं ती म्हणते.
मी म्हणतो, होती तिथंच आहे.
टेप आत कपाटात आहे, वरच्याच खणात.
दोघांपैकी कुणी उठत नाही.